रक्त, किळस आणि भय: असे चित्रपट कोणाला आवडतात आणि कोणाला क्षणभरही का सोसत नाहीत?

ओसरी

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडते आहे. तो माझ्या घरातला आहे, पण माझ्या घरापुरताच नसावा असे वाटते.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणींना रक्तपाताने भरलेले, शिसारी आणणारे भयपट पाहण्याची मनापासून आवड आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्या आमच्याकडे जमतात, दिवे मालवतात, भडंगाचे पातेले मध्ये ठेवतात आणि मध्यरात्रीपर्यंत किंचाळत, एकमेकींना बिलगत, हसत एखादा चित्रपट पाहतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्यासाठी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि नेमके त्याच वेळी पडद्यावर एका बांधून ठेवलेल्या माणसाच्या बोटाचे नख चिमट्याने उपटले जात होते. मी ते जेमतेम दोन सेकंद पाहिले असेल. नखाच्या मुळाशी कातडी ताणली गेलेली दिसली, माझ्या कानांत घूं असा आवाज सुरू झाला, ओठ गार पडले, ट्रे कसाबसा टेबलावर टेकवला आणि भिंतीला धरून मी तेथेच खाली बसले. मुलीने चित्रपट थांबवला, धावत जाऊन साखर-मीठ घातलेले पाणी आणले आणि त्या रात्री मैत्रिणींना सोडून ती माझ्याजवळ येऊन झोपली.

आता मला न उलगडणारी गोष्ट अशी की, मी रक्ताला घाबरणारी बाई नाही. माझे माहेर वेंगुर्ल्याकडचे. बांगड्याचे पोट चिरून आतडी काढणे, कल्ले उपटणे ही कामे मी लहानपणापासून करत आले आहे आणि आजही करते. उलट माझी मुलगी मांजराच्या आजारी पिल्लाला इंजेक्शन देताना पाहूनही डोळ्यांत पाणी आणते. मग पडद्यावरचे ते दृश्य तिला गंमत म्हणून कसे पाहता येते आणि मला का सोसत नाही? त्यात नेमका आनंद कोणता? आणि आई म्हणून मुख्य काळजी ही, की सतत असे पाहून तिचे मन निबर तर होणार नाही ना? तिला बोल लावण्यासाठी विचारत नाही, मला समजून घ्यायचे आहे.

शुश्रूषा

ओसरीताई, मी गेली २२ वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या शरीराशी संबंधित भागाचे उत्तर आधी देते. तुम्हाला जे झाले ते भित्रेपणाचे लक्षण मुळीच नाही. एरवी माणूस घाबरला की नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि तो वाढलेलाच राहतो. म्हणून साप पाहून किंवा उंचावरून खाली पाहून माणसे सहसा बेशुद्ध पडत नाहीत. रक्त आणि जखम यांच्या बाबतीत मात्र काही जणांचे शरीर वेगळे वागते. रक्तदाब आधी थोडा वाढतो आणि मग एकदम कोसळतो, नाडी मंदावते, मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर घटतो आणि माणसाला घेरी येते. कानांत आवाज येणे, ओठ गार पडणे, घाम फुटणे ही त्याचीच पूर्वसूचना असते. असे होणे पुष्कळदा घराण्यात चालत आलेले असते, तेव्हा तुमच्या आईला किंवा मावशीला असा त्रास होता का, हे एकदा विचारून पाहा.

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी यावर एक साधा उपाय रूढ केला. घेरी येईल असे वाटताच दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवू लागली की सैल सोडायचे, थोडे थांबून पुन्हा आवळायचे, असे चार-पाच वेळा करायचे. त्यामुळे रक्तदाब कोसळत नाही. शस्त्रक्रिया पाहायला प्रथमच येणाऱ्या विद्यार्थिनींना मी हेच शिकवते. (रक्त न पाहताही कधी घेरी आली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.)

आता बांगड्याविषयी. हे मी कोणत्या पुस्तकाच्या आधाराने नाही, इतक्या वर्षांच्या पाहण्यातून सांगते. आमच्याकडे जिच्या हातात चिमटा किंवा सक्शनची नळी असते ती क्वचितच पडते. जी हात मागे बांधून नुसती पाहत उभी असते, ती पडते. तुम्ही मासळी साफ करता तेव्हा विळी तुमच्या ताब्यात असते, पुढे काय करायचे ते तुम्हाला ठाऊक असते आणि त्या कामाचा शेवट ताटात होतो. पडद्यासमोर तुमचे हात रिकामे होते. ट्रे होता, पण तो काही उपयोगाचा नव्हता.

मी स्वतः असे चित्रपट पाहत नाही. रक्ताचे मला काही वाटत नाही. पण आमच्या टेबलावर जे जे कापले जाते ते बरे करण्यासाठी कापले जाते, आणि त्या चित्रपटांत माणूस ओरडत असताना त्याच्या मदतीला कोणीही येत नाही. तेवढे मला बसल्या जागी पाहवत नाही.

पडद्यामागे

मी रंगभूषाकार आहे. नाटके आणि मालिका यांच्यासाठी जखमा, भाजलेले चेहरे, कापलेले गळे तयार करणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. त्यामुळे मला हे चित्रपट का आवडतात, हे सांगण्याआधी ते कसे घडते ते सांगतो, कारण माझ्या मते आवडण्याचे अर्धे कारण त्यातच आहे.

गळ्यावरची जखम करायला मला साधारण दोन तास लागतात. सिलिकोनचा पातळ तुकडा चिकटवायचा, त्याच्या कडा त्वचेत इतक्या विरघळवायच्या की बोट फिरवले तरी सांधा लागू नये, मग आतला भाग काळसर तांबडा, कडा निळसर आणि भोवतीची त्वचा किंचित पिवळट रंगवायची. ताजी जखम लालभडक दिसते असे लोकांना वाटते. ती तशी केली की खोटी दिसते. रक्त म्हणजे साखरेचा दाट पाक आणि रंग. तोंडातून ओघळायचे असेल तर ते खाण्याजोगेच बनवावे लागते. कृष्णधवल पडद्याच्या काळात तर त्याचा रंगही जुळवावा लागत नसे. हिचकॉकच्या १९६०च्या 'सायको' या चित्रपटातील न्हाणीघरातल्या त्या प्रसिद्ध खुनाच्या दृश्यात पाण्याबरोबर वाहून जाणारे रक्त चॉकलेटचे सिरप होते आणि सुरीच्या घावांचा आवाज खरबुजात सुरी खुपसून घेतलेला होता. विंगेत गळा चिरलेली अभिनेत्री शांतपणे चहा पीत बसलेली मी रोज पाहतो, आणि दहा मिनिटांनी तीच प्रेक्षकांचा श्वास रोखून धरते. हे दोन्ही एकाच वेळी मनात असणे, हाच या प्रकारातला आनंद आहे. तो चांगल्या जादूगाराला पाहण्याच्या जवळचा आहे.

यासाठी पॅरिसमधील ग्राँ गिन्योल या नाट्यगृहाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. एका जुन्या प्रार्थनागृहात १८९७ साली सुरू झालेले, तीनशेहूनही कमी आसनांचे हे छोटे नाट्यगृह साठाहून अधिक वर्षे लोकांना डोळे फोडणे, गळे कापणे, ॲसिड फेकणे असले प्रसंग दाखवत राहिले, आणि लोक त्यासाठी तिकिटे काढत राहिले. त्यांची रीत अशी की एका रात्रीत भयनाट्य आणि प्रहसन आलटून पालटून करायचे, म्हणजे हसून सैल झालेले अंग पुढच्या भीतीला पुरेपूर सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र गर्दी ओसरत गेली आणि १९६२ साली ते बंद पडले. शेवटचे संचालक शार्ल नोनों यांनी कारण सांगितले होते की, युद्धापूर्वी रंगमंचावर चाललेले प्रत्यक्षात अशक्य आहे असे प्रत्येकाला वाटे. बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीनंतर तसे वाटणे शक्य राहिले नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे एकदम पटते. जोवर हे खोटे आहे याची मनाला पक्की खात्री आहे, तोवरच मजा. अमेरिकेत पॉल रोझिन, जोनाथन हाईट आणि क्लार्क मॅकॉली यांनी १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांना कत्तलखान्यातील आणि शस्त्रक्रियेची खरी चित्रणे दाखवली, तेव्हा बहुतेकांनी ती शेवटापर्यंत न पाहताच बंद केली. चित्रपटगृहात याहून कितीतरी अधिक रक्त पाहणारीच ही पिढी होती. ओसरीताई, तुमच्या मुलीला मांजराचे इंजेक्शन सोसत नाही आणि पडद्यावरचे नख सोसते, यात मला विसंगती दिसत नाही. पहिले खरे आहे, आणि तिला ते पुरते कळते.

रसिकमित्र

'पडद्यामागे' यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, पण पुरते नाही. खोटे आहे हे कळणे पुरेसे असते, तर ओसरीताईंना घेरी आली नसती. ते नख खोटे आहे हे त्यांनाही ठाऊक होतेच.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनीच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथातील आठ रसांपैकी भयानक आणि बीभत्स हे दोन रस या चर्चेतलेच आहेत. पहिल्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भरत बीभत्साचेही प्रकार पाडतो. रक्त, आतडी यांमुळे उपजतो तो क्षोभज, आणि विष्ठा, कृमी यांमुळे उपजतो तो उद्वेगी. हा फरक आजच्या चित्रपटांनाही लागू पडतो: रक्ताचे पाट सहज पाहणारी माणसे अळ्यांचे एक दृश्य लागताच तोंड फिरवतात. त्याच नाट्यशास्त्रात युद्ध, मरण, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी प्रत्यक्ष रंगमंचावर न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, सूचित कराव्यात असेही सांगितले आहे. म्हणजे जुगुप्सा हवी, परंतु तिचे अंतर राखून.

हे अंतर कशाने राखले जाते, यावर भट्टनायक या काव्यशास्त्रकाराने साधारणीकरणाचा विचार मांडला आणि त्याच परंपरेतील अभिनवगुप्ताने तो पुढे नेला. रंगमंचावरची भीती माझी नसते, माझ्या शत्रूची किंवा मित्राचीही नसते, कोणा एकाची म्हणून ती उरतच नाही. तेव्हाच तिचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे. शुश्रूषाताईंनी सांगितलेली घेरी मला या विघ्नाचेच शारीरिक रूप वाटते. ओसरीताईंच्या बाबतीत ते नख पडद्यावर राहिलेच नाही, थेट त्यांच्या बोटाला येऊन भिडले. यात रसिकतेचा अभाव नाही. अंतर राखायला लागणारा क्षणभराचा अवकाशच त्यांना मिळाला नाही. मुली तासभर त्या कथेत होत्या, त्या कोसळल्या नाहीत. ओसरीताई चहा घेऊन सरळ जखमेवरच आल्या.

एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या मातीतले आहे. 'मालतीमाधव' या संस्कृत नाटकाचा कर्ता भवभूती स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो, आणि हे पद्मपूर म्हणजे विदर्भातील आमगावजवळचे गाव, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. त्या नाटकाच्या पाचव्या अंकात नायक माधव स्मशानात महामांस, म्हणजे माणसाचे मांस, विकायला उभा आहे आणि त्याच्यासमोर एक पिशाच प्रेताची कातडी सोलून खांद्याचे, पाठीचे मांस ओरबाडून खात आहे. तो श्लोक मम्मट या काव्यशास्त्रकाराने बीभत्साचे उदाहरण म्हणून घेतला आणि पुढच्या काव्यशास्त्राने तो जपला. आजचा कोणताही चित्रपट लाजावा इतके ते वर्णन उघड आहे. तरीही आपण ते वाचतो, कारण माधव तेथे आपल्या प्रेयसीसाठी, मालतीसाठी, सगळी आशा संपल्यावर आलेला आहे; आपला जीव त्याच्यात अडकलेला असतो. माझा निकष येथूनच येतो. ज्या चित्रपटात कोणासाठीही माझा जीव अडकत नाही आणि केवळ शरीरे एकामागून एक फाडली जातात, तो मी अर्ध्यावर सोडतो. तेथे जुगुप्सा जुगुप्साच राहते.

रात्रपाळी

मी असे चित्रपट पाहणाऱ्यांपैकी आहे, आणि वरच्या सगळ्या उत्तरांनंतरही एक गोष्ट सांगायची राहिली आहे असे वाटते, म्हणून लिहितो.

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे वडील करोनाने अतिदक्षता विभागात होते. आत जाता येत नव्हते. दिवसातून एकदा रुग्णालयातून फोन येई, आणि तो कधी येईल हे ठरलेले नसे. त्या ११ रात्री मी घरी एकटाच, मोबाइल उताणा समोर ठेवून, मिळतील तेवढे भीषण भयपट पाहिले. आईला किंवा बहिणीला हे सांगायची मला तेव्हा लाज वाटली होती. बाप मरणाच्या दारात आणि मुलगा रक्तपात पाहतो आहे, असे कोणीही म्हणाले असते. पण त्या दिवसांत विनोदी काही पाहिले की मला राग येत असे आणि गाणी ऐकवत नसत. भयपट पाहताना मात्र छातीतली धडधड आणि समोरचे दृश्य यांचा मेळ बसे. ती भीती दीड तासाची असे, तिला शेवट असे, आणि सोसेनासे झाले की बोटाच्या एका टोकाने ती थांबवता येत असे. खरी भीती अशी थांबवता येत नव्हती. चित्रपट संपला की मला दोन-तीन तास झोप लागे.

पुढे वाचनात आले की डेन्मार्कमधील आऱ्हूस विद्यापीठातल्या माथियास क्लासन यांच्यासारख्या संशोधकांनी हाच विषय अभ्यासाला घेतला आहे. त्यांच्या गटाने वायले येथील एका भयगृहात (लोकांना घाबरवण्यासाठीच मांडलेल्या घरात) ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती मजा आली हे विचारले. फार कमी भीतीत मजा नव्हती, फार जास्त भीतीतही नव्हती. ती मधल्या पट्ट्यात होती. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असणार, हे उघड आहे. महामारीच्या आरंभी केलेल्या दुसऱ्या एका पाहणीत, भयपटांची आवड असणाऱ्यांनी त्या काळातला मानसिक त्रास तुलनेने कमी सांगितला. आवडीमुळेच त्रास कमी झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण मी त्या ११ रात्री काढल्या आहेत आणि मला ते खरे वाटते.

बाराव्या दिवशी वडील गेले. त्यानंतरही मी हे चित्रपट पाहतो, पण एक गोष्ट मला आता पाहवत नाही. पडद्यावर कोणाच्या घशात नळी घातलेली दिसली, मग ती एरवी कितीही साध्या कौटुंबिक मालिकेत असो, मी उठून बाहेर जातो. आधी मी कधीही उठलो नव्हतो. म्हणून पाहणारे आणि टाळणारे अशी माणसांची विभागणी मला पटत नाही. माझ्यात दोघेही आहेत.

समई

सर्वांची उत्तरे मनापासून वाचली, परंतु ओसरीताईंच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे मन निबर होण्याच्या प्रश्नाला, कोणी थेट हात घातलेला नाही. तो टाळू नये.

१९८०च्या दशकात अमेरिकेत डॅनियल लिंझ आणि एडवर्ड डॉनरस्टाइन यांनी तरुण पुरुषांना काही दिवस ओळीने, स्त्रियांवर अत्याचार होणारे हिंसक भयपट दाखवले. पहिल्या दिवशी अस्वस्थ झालेले तरुण शेवटच्या दिवशी तितके अस्वस्थ राहिले नाहीत; आणि नंतर त्यांना बलात्काराच्या एका नाट्यरूप खटल्याचे चित्रण दाखवले, तेव्हा त्यांना पीडितेविषयी कमी सहानुभूती वाटली. हा परिणाम कायमचा असतो असे मी म्हणत नाही. पण पडद्यावर कोणाचे शरीर फाडले जाते, कोणाच्या नजरेतून ते दाखवले जाते, आणि मरणाऱ्या मुलीला मरण्याआधी नावगाव, इच्छा, स्वभाव काही दिलेले असते का, हे प्रश्न मुलीशी मोकळेपणाने बोलावेत असे मला वाटते. त्या मुली मुकाट न बसता एकत्र जमून, ओरडत, बोलत पाहतात, ही मला चांगली खूण वाटते.

माझी खरी भीती दुसरीच आहे. मोबाइलवर खऱ्या अपघातांची, खऱ्या मृतदेहांची चित्रणे एका गटातून दुसऱ्या गटात फिरत असतात, आणि चित्रपटाचे नाव काढताच नाक मुरडणारी मोठी माणसेसुद्धा ती उघडून पाहतात व पुढे पाठवतात. आमच्या शेजारच्या घरातल्या मुलाचा अपघात झाला, तेव्हा त्याच्या आईला बातमी कळण्यापूर्वी तिच्या भावाच्या मोबाइलवर ते चित्रण येऊन पोहोचले होते. तेथे पाकही नाही आणि सिलिकोनही नाही.

ओसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्रपाळी, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

शुश्रूषाताई, आईला विचारले. माझ्या आजीला कोंबडी कापताना काही होत नसे, पण कोणाच्या पायातला काटा काढताना पाहिले की ती मटकन खाली बसत असे. हे मला माहीतच नव्हते.

काल मी मुलीला तुमची सगळी उत्तरे वाचून दाखवली. समई, तुम्ही सुचवलेला प्रश्नही विचारला. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली की ज्या चित्रपटात मुलगी शेवटपर्यंत लढून बाहेर पडते तेच त्या मैत्रिणी पुन्हा पाहतात, बाकीचे एकदा पाहून विसरतात. आणि मला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिने सांगितली. प्रत्येक चित्रपट लावण्याआधी ती इंटरनेटवर शोधून पाहते, की त्यात कुत्रा किंवा मांजर मरते का. मरत असेल तर तो चित्रपट ती लावतच नाही, आणि मैत्रिणींनीही ते मान्य केले आहे.

मग मीच तिला म्हटले की तो अर्धवट राहिलेला चित्रपट लाव, पण पहिल्यापासून लाव. दिवे सुरू ठेवले, आवाज अगदी कमी केला, सोफ्यावर बसून मांड्या आणि दंड आवळण्याचा सराव आधीच करून घेतला. तो बांधलेला माणूस पेशाने शिक्षक आहे आणि त्याला एक मुलगी आहे, हे मला पहिल्या वीस मिनिटांत कळले. चिमटा दिसला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. एका मिनिटाने आतून हाक आली, "झालं, ये आता," आणि मी पुन्हा जाऊन तिच्या शेजारी बसले.